आभाळ किती दिसतं?

“चित्र सुरेख आहे. फक्त झाडांच्या बुंध्याशी एवढा बर्फ कसा काय साचला?”

पत्रात एवढंच होतं. चित्र मी आदल्याच दिवशी लोकांसमोर ठेवलं होतं. उतारावरचं स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं रान, खाली गोठलेला ओढा, डावीकडून येणारं सकाळचं तिरपं ऊन. सगळं कॉम्प्युटरवर उभं केलेलं. डोंगर, झाडं, ओढा, यातलं काहीच पृथ्वीवर कुठे नव्हतं. तीन आठवडे रोज रात्री मी त्यावर बसले होते, आणि लोकांनी केलेलं कौतुक मला मनापासून आवडलंही होतं. पण या प्रश्नापाशी मी अडले. ज्यांनी तो विचारला त्या गृहस्थांचं अर्धंअधिक आयुष्य बर्फाच्या मुलखात गेलेलं. मी पुन्हा विचारल्यावर त्यांनी सविस्तर लिहिलं. दाट फांद्यांच्या झाडाखाली बर्फ फारसा पोचतच नाही. तो फांद्यांवर अडतो, तिथून घसरला तरी बाहेरच्या अंगाला पडतो. खोडाभोवती खळगा राहतो, आणि त्यावर भुसभुशीत बर्फाचा पातळ पापुद्रा आला असेल तर तो दिसतही नाही. “झाडाच्या फार जवळून जायचं नाही, असं आम्हाला लहानपणीच बजावलेलं असे. माणूस छातीपर्यंत आत जातो, आणि वर यायला हाताशी धरायला काही नसतं.”

माझ्या चित्रात बर्फ थेट खोडाला टेकला होता, पुराचं पाणी टेकावं तसा.

मी तो सीन पुन्हा उघडला. बर्फ घालण्याची माझी रीत सोपी होती, बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. जमिनीचा किंवा फांदीचा जो भाग वर तोंड करून आहे तो पांढरा करायचा, जो उभा आहे तो तसाच ठेवायचा. किती चढापर्यंत बर्फ टिकेल ते एक आकडा ठरवतो. कड्यावर बर्फ राहत नाही, पठारावर राहतो, एवढं या रीतीला बरोबर कळतं. लांबच्या डोंगरांना ती पुरतेही. पण तिला फक्त पायाखालचा उतार माहीत असतो. डोक्यावर काय आहे हे ती विचारतच नाही.

शोधता शोधता मी 2000 सालच्या एका शोधनिबंधापाशी पोचले. पॉल फिअरिंग यांनी सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या वार्षिक परिषदेत पडून साचलेल्या बर्फाविषयी तो मांडला होता. आभाळातून लाखो कण सोडायचे आणि ते कुठे पडतात ते बघायचं, हे कुणालाही सुचेल. फिअरिंग यांनी उलटं केलं. त्यांनी जमिनीवरच्या ठिकठिकाणांहून कण वरती सोडले, पडणाऱ्या बर्फासारखेच हेलकावे खात जाणारे, आणि त्यांतले किती आभाळापर्यंत पोचतात ते मोजलं. जास्त पोचले तिथे बर्फ जास्त. वाटेत फांदीला धडकून अडले, तर तेवढा कमी. हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. जमिनीच्या प्रत्येक टीचभर तुकड्याला फक्त एवढंच विचारायचं होतं: तुला आभाळ किती दिसतं?

त्यांची सगळी पद्धत मी वापरली नाही, ती माझ्या आवाक्याबाहेरची होती. पण प्रश्न तोच ठेवला. प्रत्येक बिंदूपासून वरच्या दिशेने शंकूसारखे किरण सोडले, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तो शंकू थोडा कलता केला, आणि जेवढे किरण मोकळे सुटले तेवढी बर्फाची जाडी धरली. पहिल्या झाडाखाली खळगा पडला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. खळगा गोल नव्हता. वाऱ्याकडच्या अंगाला उथळ, आडोशाच्या अंगाला लांबट. हा आकार मी काढलेला नव्हता. फांद्यांनी आणि वाऱ्याने तो आपसांत ठरवला होता.

इथे भाषेची एक अडचण सांगून टाकते. मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फच म्हणतो आणि आभाळातून उतरतं त्यालाही बर्फच म्हणतो. वस्तू मात्र अगदी वेगळ्या आहेत. नुकत्याच पडलेल्या बर्फात साधारण नव्वद टक्के हवा असते. हिम हा शब्द आहे, पण तो तोंडात बसत नाही, लगेच काव्याचा वास येतो. म्हणून मीही बर्फच लिहिते आहे. वाचताना मनात खडा आणू नका, पिंजलेला कापूस आणा.

खळगा जमला आणि मग एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. आभाळाचा हा प्रश्न बर्फ किती साचतो एवढ्यावर संपत नव्हता.

सावल्यांचंच बघा. सुरुवातीची कितीतरी चित्रं मी राखाडी सावल्यांनी भरली होती. पांढऱ्यावर सावली म्हणजे पांढऱ्यात थोडा काळा, असा माझा हिशेब होता. पण निरभ्र दिवशी बर्फावर पडलेली सावली म्हणजे ऊन पोचत नाही आणि आभाळ मात्र पोचतं अशी जागा. तिथे उजेड आहेच, तो निळ्या आभाळाचा आहे. बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे जो उजेड येईल तो तो तसाच परत देतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी 1868 च्या हिवाळ्यात रंगवायला घेतलेलं एक चित्र आहे. बर्फाने झाकलेलं कुंपण, फाटकावर बसलेला एक मॅगपाय पक्षी, आणि पुढे पसरलेल्या निळसर जांभळ्या सावल्या. 1869 सालच्या पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनाने ते नाकारलं. आज ते ऑर्से संग्रहालयात आहे. मी ते पडद्यावर मोठं करून पाहिलं आणि सावलीवरून कर्सर फिरवत एकेका ठिकाणचा रंग तपासला. राखाडी म्हणावी अशी जागा शोधावी लागत होती.

आणि मग खोडाभोवतीचा खळगा. उघड्यावरची सावली निळी, पण खळग्यातली तितकी निळी नाही, कारण तिथून आभाळच थोडं दिसतं. तिथे फांद्यांवरून परतलेला मळकट हिरवा उजेड येतो. बर्फ कमी, उजेड कमी, निळेपणा कमी, तिन्हींचं कारण एक. तोवर मी ही तीन कामं तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या आकड्यांनी करत होते आणि त्यांची एकमेकांशी भांडणं मिटवत बसत होते.

गोठलेल्या दवाचंही तेच. स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडत राहते. उघड्या माळावरचं गवत त्यामुळे झपाट्याने थंड होतं आणि त्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं दव गोठतं. झाडाखालच्या गवताला फांद्या थोडी ऊब परत देतात, म्हणून ते हिरवं राहतं. पुन्हा आभाळ किती दिसतं यावरच सगळं. हिवाळ्याचं चित्र काढायला बसलेली मी प्रत्यक्षात आभाळाचंच चित्र काढत होते. वरचं आभाळ पडद्यावर दोन बोटं, खालचं सगळा पडदा भरून.

तरी चित्र लगेच खरं वाटायला लागलं नाही. पांढऱ्याने मला फार दिवस छळलं. शंभर टक्के पांढरा दिला की बर्फ कागदासारखा सपाट, उंचसखल सगळं पुसून जायचं. खरा ताजा बर्फही अंगावर आलेल्या उजेडापैकी ऐंशी ते नव्वद टक्केच परत करतो. तेवढा आकडा ठेवला तर चित्र राखाडी यायला लागलं. फोटो काढणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, म्हणून बर्फाचे फोटो काळपट येतात, आणि जाणकार मुद्दाम एक ते दोन स्टॉप जास्त उजेड घेतात. माझ्याही कॅमेऱ्याला, तो कॉम्प्युटरमधला असला तरी, हेच शिकवावं लागलं.

पण खड्डे आणि घळी काळवंडलेल्याच राहिल्या. त्याचं कारण सापडायला महिना लागला. रेंडर करताना, म्हणजे कॉम्प्युटर सीनवरून अंतिम चित्र तयार करतो तेव्हा, उजेडाचा किरण किती वेळा उसळू द्यायचा याला मर्यादा घालावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर कधी थांबणारच नाही. माझी मर्यादा चार होती. काळ्या मातीला चार भरपूर झाले, कारण दुसऱ्या तिसऱ्या उसळीलाच उजेड संपत आलेला असतो. पण नव्वद टक्के परत देणाऱ्या बर्फात चार उसळ्यांनंतरही पासष्ट टक्के उजेड शिल्लक असतो. दहा उसळ्यांनंतरही पस्तीस. तो सगळा उजेड मी दर वेळी फेकून देत होते. मर्यादा वाढवली आणि घळींमध्ये आतून दिवा लागल्यासारखी प्रभा आली.

त्यातही बर्फ हा दगडासारखा वरच्यावर उजेड परतवत नाही. किरण आत शिरतो, कणांकणांतून भटकतो आणि जिथून शिरला त्याच्या थोडा बाजूला बाहेर पडतो. संगमरवर, दूध आणि माणसाची त्वचाही अशीच वागते. हे भटकणं कॉम्प्युटरला परवडेल अशा गणितात बसवण्याची रीत हेन्रिक वान येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडली. बर्फाची कड उन्हात का उजळते, ती कापल्यासारखी टोकदार का दिसत नाही, ते यातून येतं. आणि आत खोल गेलेल्या उजेडातला तांबडा भाग बर्फ जास्त पितो, म्हणून काठी खुपसून पडलेलं भोक आतून निळं दिसतं. मी एका चित्रात असं एकच भोक ठेवलं होतं, पायवाटेच्या कडेला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र ते चित्र त्या भोकासाठी आवडतं.

डोंगरांचं काम मानाने लवकर शिकता येतं, कारण वाट आधीच पाडून ठेवलेली आहे. 1980 साली बोइंगमध्ये काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटर यांनी सिग्राफमध्ये दोन मिनिटांची एक फिल्म दाखवली. गणितातून उगवलेल्या डोंगरांवरून विमानासारखं उडत जाणं, बस एवढंच. डोंगराचा तुकडा मोठा करून पाहिला तर तोही डोंगरासारखाच खडबडीत दिसतो, या गणितज्ञ मँडेलब्रॉट यांच्या विचारावर ते उभं होतं. पुढे केन पर्लिन यांनी आपलं नॉइज, म्हणजे निसर्गातल्यासारखा अनियमितपणा गणिताने आणण्याची रीत, काढलं, 1985 मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि आजही कॉम्प्युटरवरच्या बहुतेक भूदृश्यांच्या पोटात कुठेतरी ते असतंच. तरी त्या पहिल्या डोंगरांत एक उणीव होती. त्यांच्यावरून कधी पाणीच वाहिलेलं नव्हतं. केन मस्ग्रेव्ह आणि त्यांच्या साथीदारांनी 1989 मध्ये अशा डोंगरांवर पाऊस पाडून त्यांची झीज दाखवली, आणि डोंगरांना भूतकाळ मिळाला. मी ते वाचलं तेव्हापासून माझा डोंगर आधी उन्हापावसात झिजवून घेते आणि मगच त्यावर बर्फ घालते. झीज न झालेल्या डोंगरावर बर्फ पोरका दिसतो. त्याला घळीत साचायचं असतं, आणि घळ तर आधी पाण्याने कोरलेली असावी लागते.

एक चूक मात्र बर्फानेच उघडी पाडली. माझ्या एका सुंदर उतारावर बारीक पायऱ्या दिसायला लागल्या, कुणी शेताला बांध घालावेत तशा. गवत आणि दगड होते तोवर त्या झाकलेल्या होत्या. उंचीचा नकाशा मी आठ बिटमध्ये साठवला होता. त्यात उंचीच्या 256 च पातळ्या मावतात. हजार मीटरच्या डोंगराला म्हणजे दर चार मीटरला एक पायरी. सोळा बिटमध्ये 65,536 पातळ्या मिळतात, म्हणजे जेमतेम दीड सेंटीमीटरची पायरी, ती डोळ्याला दिसत नाही. बर्फ सगळं झाकतो असं आपण म्हणतो. रंग झाकतो, हे खरं. आकार मात्र तो बोट ठेवून दाखवतो.

चमचमीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उन्हाकडे तोंड करून ताज्या बर्फाकडे पाहिलं तर त्यात ठिणग्या असतात, आणि मान जरा हलली की त्या विझून दुसऱ्या पेटतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे योग्य कोनात वळलेला एका स्फटिकाचा आरसा. मी त्या मोठ्या मेहनतीने बसवल्या, रात्रभर रेंडर लावलं, आणि सकाळी पाहते तर एकही नाही. रेंडरमध्ये जो दाणेदारपणा राहतो तो पुसायला डिनॉइझर असतो. शेजाऱ्यांपेक्षा एकदम उजळ दिसणारा एकटा ठिपका म्हणजे कचरा, अशी त्याची समजूत असते. त्याने माझ्या सगळ्या ठिणग्या झाडून काढल्या होत्या. डिनॉइझर न वापरता दाणे घालवायचे तर हिशेब जबर आहे. दाणेदारपणा निम्मा करायला चौपट वेळ द्यावा लागतो. शेवटी मी ठिणग्यांचा थर वेगळा रेंडर केला, बाकीचं चित्र पुसून स्वच्छ झाल्यावर तो वरून चढवला, आणि तोही फक्त जवळच्या वीसेक पावलांपुरता. लांबचा बर्फ चमचमत नाही, नुसता उजळतो.

चित्र झालं की ते दाखवावंसं वाटतं. लपवून ठेवण्यासाठी कुणी तीन आठवडे जागत नाही. पण या दाखवण्यात एक जबाबदारी आहे, आणि ती मला एका घटनेने कळली.

माझं एक चित्र माझ्या नावाशिवाय फिरायला लागलं. कुणीतरी त्याखाली एका खऱ्या डोंगररांगेचं नाव आणि ‘आज पहाटे टिपलेला फोटो’ असं लिहिलं होतं. फिरत फिरत ते एका तरुण मुलापर्यंत पोचलं, त्याने मूळ शोधत मला गाठलं आणि विचारलं, “ताई, त्या ओढ्यापर्यंत पायी जाता येतं का? मला वडिलांना घेऊन जायचं आहे.” मी त्याला सांगितलं की असा ओढा नाही. त्याने थोड्या वेळाने एकच ओळ लिहिली, “आणि ती पायवाट?” चित्र फोटो वाटलं याचा आनंद व्हायला हवा होता, अनेकांना होतो. मला त्या दिवशी आपण कुणाला तरी नसलेल्या घराचा पत्ता दिल्यासारखं वाटलं. त्या मुलाने वडिलांना ते चित्र दाखवलं होतं का, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.

तेव्हापासून मी चित्रावरच, कोपऱ्यात, ‘संगणकावर घडवलेलं’ असं लिहिते. सोबत त्याच दृश्याचं दुसरं रूप ठेवते. ना रंग, ना बर्फ, नुसती मातीच्या मूर्तीसारखी राखाडी जमीन आणि झाडं. ते पाहिल्यावर कुणाची फसगत होत नाही, आणि कुतूहल उलट वाढतं, असा माझा अनुभव आहे. बर्फ घालण्याची माझी कॉम्प्युटरवरची जुळणीही मी मागेल त्याला मोकळेपणाने देते. एकाने ती पडक्या किल्ल्यावर वापरली. त्याच्या चित्रात मोडक्या कमानीखालची फरशी कोरडी राहिली होती, आणि ते पाहून मला स्वतःच्या चित्रापेक्षा जास्त आनंद झाला. कमानीखालून आभाळ दिसत नाही, हे कुणी न सांगता आपोआप आलं होतं.

आता चार शब्द लिहिले की हिवाळ्याचं चित्र क्षणात तयार करून देणारी साधनं आली आहेत. लोक मला विचारतात की मग एवढं कशाला करायचं. ती चित्रंही कधीकधी देखणी असतात. पण त्यांत छपराखालच्या लाकडाच्या मोळीवरही बर्फ असतो, आणि तो तिथे का आहे हे कुणाला विचारायची सोय नसते. माझ्या चित्रातल्या कुठल्याही मूठभर बर्फावर बोट ठेवा, तो तिथे का आहे ते मला सांगता येतं. सांगता आलं नाही, तर तिथे काम बाकी आहे असं समजायचं.

खऱ्या दृश्याशी जुळणं आणि खरं असणं यांत फरक आहे, हेही मी मान्य करते. जपानी चित्रकार हिरोशिगे यांनी तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरच्या चित्रमालिकेत कांबारा नावाच्या गावाची बर्फाळ रात्र छापली, 1833-34 च्या सुमारास. उतारावरची जड छपरं, वाकून चाललेली तीन माणसं, कुठेही आवाज नाही. कांबारा उबदार किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे असा बर्फ सहसा पडत नाही. तरी त्या छपरांवरचा बर्फ छपरांवर बसावा तसाच बसला आहे, आणि माणसं बर्फातून चालावीत तशीच चालली आहेत. गाव कुठलंही असो, बर्फाने आपले नियम पाळलेले आहेत. मला जे जमायला हवं आहे ते हेच.

त्या पहिल्या पत्राच्या गृहस्थांशी अजून पत्रव्यवहार आहे. मी त्यांना आजोबा म्हणू लागले, त्यांनीही ते चालवून घेतलं. दुरुस्त केलेलं चित्र पाठवल्यावर त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही, आणि मग लिहिलं, “डावीकडून तिसऱ्या झाडाजवळून मी जाणार नाही.” गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं. “सगळे ऊन आल्यावरचा बर्फ काढतात. आम्ही कामाला निघायचो ते ऊन येण्याच्या आधी. तसं एखादं जमेल का?”

म्हणून सध्या सीनमधला सूर्य क्षितिजाच्या चार अंश खाली आहे. एकही सावली नाही, ठिणगी नाही, जो काही उजेड आहे तो नुसत्या आभाळाचा. रेंडर दुपारपासून चालू आहे. पडद्यावर आधी नुसते दाणे होते, मग त्यातून उतार वर आला, मग झाडांचे शेंडे. आत्ता हे लिहिताना खोडांभोवतीचे खळगे दिसायला लागले आहेत, एकेक करून, डावीकडून. तिसऱ्याचा मला वाटतं थोडा उथळ आला आहे. थांबवून पुन्हा लावते.